प्रयोगशाळेतील स्फोटाची चौकशी विद्यापीठाने स्वतः करू नये

१८ डिसेंबर २०१५ रोजी बीजिंगमधील त्सिंगहुआ विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात हायड्रोजनच्या सिलिंडरचा स्फोट होऊन एका तरुण संशोधकाचा मृत्यू झाला. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, १६ मार्च २०१६ रोजी, होनोलुलूच्या हवाई विद्यापीठात हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचे मिश्रण भरलेली टाकी फुटली आणि एका संशोधिकेला हात गमवावा लागला. ५ डिसेंबर २०१८ रोजी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत शॉक वेव्हवर, म्हणजे अतिवेगवान दाबलहरींवर, संशोधन करणाऱ्या प्रयोगशाळेत स्फोट झाला. त्यात एक जण मरण पावला, तिघे गंभीर जखमी झाले आणि संशय पुन्हा हायड्रोजनच्या सिलिंडरवरच गेला. त्याच महिन्याच्या २६ तारखेला बीजिंगच्या जिआओतोंग विद्यापीठात तीन विद्यार्थी दगावले. तेथे मॅग्नेशियमची भुकटी आणि फॉस्फोरिक आम्ल मिक्सरमध्ये एकत्र आल्यामुळे हायड्रोजन तयार झाला होता आणि यंत्राच्या घर्षणातून निघालेल्या ठिणगीने तो पेटला, असे तेथील प्रशासनाच्या चौकशीत आढळले.

यांतली एकही संस्था साधनांना किंवा ज्ञानाला मुकलेली नव्हती. हवेत हायड्रोजनचे प्रमाण ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत काहीही असले तरी तो पेट घेऊ शकतो, त्याला पेटवायला मिलिज्यूलच्या पन्नासाव्या भागाएवढी ऊर्जा पुरते आणि त्याची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही, हे रसायनशास्त्राच्या कोणत्याही अध्यापकाला माहीत असते. तरीही एका विद्यापीठात घडलेला अपघात दुसऱ्या विद्यापीठात थोड्याफार फरकाने पुन्हा घडतो. वायूचे गुणधर्म पुस्तकात आहेत. परंतु मागचा स्फोट नेमका कोणत्या हाताने, कोणत्या क्षणी, कोणत्या चुकीच्या समजुतीतून झाला, हे पुढच्या प्रयोगशाळेपर्यंत पोचत नाही. आपल्या देशात ते न पोचण्याचे मोठे कारण असे की, प्रयोगशाळेतील अपघाताची चौकशी बहुधा ती प्रयोगशाळा चालवणारी संस्थाच करते आणि तो अहवाल तिच्याच कपाटात राहतो. ही पद्धत बदलली पाहिजे, आणि जळगाव, धुळे व नंदुरबार या तीन जिल्ह्यांनी त्या बदलाची मागणी आपल्याकडे काही विपरीत घडण्याची वाट न पाहता आजच केली पाहिजे.

बाहेरच्या चौकशीने काय साधते, हे हवाई विद्यापीठाच्या प्रकरणातून जितके स्पष्ट दिसते तितके इतरत्र क्वचितच दिसते. तेथे हायड्रोजनवर वाढणाऱ्या जीवाणूंपासून जैवइंधन आणि जैवप्लास्टिक मिळवण्याचे संशोधन चालू होते. जीवाणूंना पुरवायचा वायू म्हणून ४९ लिटरच्या पोलादी टाकीत ५५ टक्के हायड्रोजन, ३८ टक्के ऑक्सिजन आणि ७ टक्के कार्बन डायऑक्साइड असे मिश्रण वातावरणाच्या सुमारे आठपट दाबाखाली भरून ठेवले जात असे. संशोधिकेने टाकीवरचा डिजिटल दाबमापक बंद करण्यासाठी बटण दाबले आणि त्याच क्षणी टाकी फुटली. अग्निशमन दलाच्या प्राथमिक तपासात दोष दाबमापकावर गेला, कारण तो ज्वालाग्राही वायूंसाठी बनवलेला नव्हता आणि बटण दाबण्याचा व स्फोटाचा क्षण एकच होता. हे कारण पटण्याजोगे होते. चौकशी तेथेच थांबली असती तर जगभरच्या प्रयोगशाळांनी त्यातून एवढाच बोध घेतला असता की दाबमापक चांगल्या प्रतीचा घ्यावा.

परंतु विद्यापीठाने पुढील चौकशी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या प्रयोगशाळा सुरक्षा केंद्राकडे सोपवली. त्या पथकाने तसेच दाबमापक आणि तशाच टाक्या घेऊन चाचण्या केल्या, दाबमापकाची ठिणगी हे कारण बाद ठरवले आणि माणसाच्या शरीरावर साठलेली स्थिर विद्युत टाकीत उतरली हेच संभाव्य कारण उरते, असा निष्कर्ष काढला. टाकी जमिनीशी तारेने जोडलेली नव्हती. त्याहूनही महत्त्वाची गोष्ट या चौकशीत उजेडात आली. स्फोटाच्या आदल्याच दिवशी, तसेच मिश्रण भरलेल्या लहान टाकीत दाबमापकाचे बटण दाबताना आतल्या आत एक बारीक स्फोट झाला होता आणि टाकीला हात लावताना अधूनमधून झटका बसतो, हेही लक्षात आलेले होते. इशारा मिळालेला होता. तो कोणी नोंदवावा आणि कोणी काम थांबवावे, याची व्यवस्था नव्हती. हा अहवाल जाहीर झाला, म्हणूनच होनोलुलूपासून हजारो मैलांवर बसून आपण त्यावर बोलू शकतो.

या केंद्राचा उगमही एका मृत्यूतच आहे. २९ डिसेंबर २००८ रोजी लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात हवेशी संपर्क येताच पेट घेणारे ब्यूटिललिथियमचे द्रावण प्लास्टिकच्या सिरिंजने काढताना दट्ट्या निसटला आणि अंगावर प्रयोगशाळेचा कोट नसलेली २३ वर्षांची मुलगी भाजली. अठरा दिवसांनी ती गेली. त्या प्रकरणात प्राध्यापकावर आणि विद्यापीठावर फौजदारी खटला उभा राहिला आणि त्याच विद्यापीठात २०११ मध्ये हे केंद्र स्थापन झाले. आपल्याकडेही २९ डिसेंबर याच तारखेला, २००९ साली, ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील रसायन प्रयोगशाळेला लागलेल्या आगीत दोन तरुण संशोधक मृत्युमुखी पडले. त्या मृत्यूंतून विद्यापीठांच्या प्रयोगशाळांसाठी अशी कोणतीही राष्ट्रीय यंत्रणा उभी राहिली नाही, ही गोष्ट मला अतिशय लाजिरवाणी वाटते.

आता आपल्या भागाकडे वळू. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १९९० पासून या तीन जिल्ह्यांसाठी काम करते आहे. अमळनेर, शिरपूर, शहादा, चोपडा, चाळीसगाव अशा तालुक्यांच्या गावी रसायनशास्त्र शिकवले जाते, औषधनिर्माणशास्त्राची महाविद्यालये आहेत आणि शेतकऱ्यांची, रेल्वे कामगारांची, कापूस आणि केळीच्या व्यवहारावर घर चालवणाऱ्यांची मुले तेथे पदव्युत्तर पदवी आणि पीएच.डी. करतात. ही या प्रदेशाची मोठी कमाई आहे आणि ती जपायची म्हणूनच येथील परिस्थितीत काय धोके दडले आहेत ते नीट पाहिले पाहिजे.

खानदेशातला उन्हाळा हा त्यातला पहिला धोका. डायएथिल ईथर ३४.६ अंश सेल्सिअसला उकळते, डायक्लोरोमिथेन सुमारे ४० अंशांना. भुसावळ आणि जळगावला एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या घरात जातो, म्हणजे परदेशी कार्यपद्धतीत ‘खोलीच्या तापमानाला ठेवावे’ असे लिहिलेले असते तेव्हा त्या लेखकाच्या मनातली खोली आणि आपली दुपारची खोली यांत वीस अंशांचे अंतर असते. ईथरची वाफ हवेपेक्षा अडीचपट जड असते. ती बाटलीच्या सैल बुचातून निघून ओट्यावरून जमिनीवर उतरते आणि सरपटत दूरच्या बर्नरपर्यंत किंवा फ्रिजच्या थर्मोस्टॅटच्या ठिणगीपर्यंत जाऊ शकते. उकाडा असह्य झाला की खिडकीत कूलर लावला जातो आणि त्याचा झोत थेट फ्यूम हूडच्या, म्हणजे घातक वाफा पंख्याने बाहेर खेचणाऱ्या कपाटाच्या, तोंडावर येतो, त्यामुळे आत ओढली जायला हवी ती वाफ उलट प्रयोग करणाऱ्याच्या नाकातोंडाशी येते. वीज गेली की फ्यूम हूडचा पंखा थांबतो. शेगडीवर तापलेले तेलपात्र मात्र पुढचा अर्धा तास तापलेलेच राहते. आणि होनोलुलूसारख्या समुद्रकाठच्या दमट हवेत जर अंगावरच्या विद्युतभाराने टाकी फुटू शकते, तर उन्हाळ्यातील आपल्या कोरड्या हवेत, पॉलिस्टरच्या कपड्यांत आणि प्लास्टिकच्या चपलांत वावरणाऱ्या विद्यार्थ्याच्या अंगावर किती भार साठत असेल, याचा विचार सिलिंडर हाताळणाऱ्या प्रत्येक विभागाने करायला हवा. या गोष्टी परदेशात छापलेल्या सुरक्षा-पुस्तिकेत सापडणार नाहीत. त्या आपल्याच प्रयोगशाळांत घडलेल्या लहानमोठ्या प्रसंगांच्या नोंदींतून कळतील, आणि त्या नोंदी ठेवणे व इतरांना दाखवणे हे आज कोणावरही बंधनकारक नाही.

कारखान्याच्या बाबतीत कायद्याने हे बंधन घातलेले आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमातील कलम ८८-अ नुसार ठरावीक प्रकारची धोकादायक घटना घडली, तर कोणाला खरचटलेही नसले तरी ती अधिकाऱ्यांना कळवावी लागत असे. त्या अधिनियमाची जागा घेणाऱ्या २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद ठेवलेली आहे. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी शिरपूरजवळच्या वाघाडी येथील रासायनिक कारखान्यात झालेल्या स्फोटात किमान तेरा जणांचा जीव गेला. ते हादरे आसपासच्या गावांनी अनुभवले आहेत, त्यामुळे कारखान्यांवरील देखरेख पुरेशी आहे असे मी म्हणणार नाही. परंतु कारखान्यात स्फोट झाला तर निदान चौकशीला येणारा अधिकारी त्या कारखान्याच्या मालकाचा नोकर नसतो. विद्यापीठाची प्रयोगशाळा कारखाना नाही आणि विद्यार्थी कामगार नाही. फेलोशिपवर रोज दहा-बारा तास ज्वालाग्राही वायूंबरोबर काम करणारा संशोधक विद्यार्थी कामगारांच्या नुकसानभरपाईच्या कायद्यातही बसत नाही. सिलिंडरपुरता विचार केला तर २०१६ चे गॅस सिलिंडर नियम आहेत आणि नागपूरला मुख्यालय असलेली पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संघटना ते राबवते. मात्र वायू सिलिंडरच्या रेग्युलेटरमधून बाहेर पडून काचेच्या चंबूत शिरला की पुढचे सारे विभागप्रमुखाच्या आणि मार्गदर्शकाच्या विवेकावर सोडलेले आहे. जिआओतोंग विद्यापीठातला हायड्रोजन तर कोणत्याही सिलिंडरमधून आलाच नव्हता.

अपघात झाल्यावर विद्यापीठाने नेमलेली समिती वाईट हेतूनेच काम करते असा माझा आरोप नाही. त्या समितीत बहुधा शेजारच्या विभागाचे प्राध्यापक असतात, कुलसचिव कार्यालयाचा प्रतिनिधी असतो आणि ज्या मार्गदर्शकाच्या प्रयोगशाळेत घटना घडली त्याच्याशी या सर्वांचा पंधरा-वीस वर्षांचा रोजचा संबंध असतो. खोलीला दोन दारे का नव्हती, वायुगळती ओळखणारे यंत्र का बसवले नव्हते, प्रयोगशाळा परिचराचे पद इतकी वर्षे का रिकामे होते, या प्रश्नांची उत्तरे देण्याची जबाबदारी ज्या कार्यालयावर आहे तेच कार्यालय समिती नेमते. अशा समितीला सर्वांत सोयीचा निष्कर्ष एकच असतो: मृताने काळजी घेतली नाही. तो खोडून काढायला मृत माणूस येऊ शकत नाही. जखमी विद्यार्थी बोलू शकतो, पण त्याचा प्रबंध अजून सादर व्हायचा असतो आणि त्यावर मार्गदर्शकाची सही लागणार असते. तासिका तत्त्वावर नेमलेला प्राध्यापक पुढच्या वर्षी आपल्याला बोलावतील की नाही या चिंतेत असतो. ज्यांच्यापाशी सांगण्यासारखे सर्वाधिक असते, त्या सर्वांचे भवितव्य चौकशी करणाऱ्या संस्थेच्या हाती असते. अशा स्थितीत प्रामाणिक माणसांच्या समितीलाही सत्य सापडणे अवघड आहे.

भुसावळच्या वाचकाला याहून वेगळी रीत ओळखीची आहे. प्रवासी गाडीला अपघात होऊन माणसे दगावली की वैधानिक चौकशी रेल्वे सुरक्षा आयुक्त करतात, आणि हे आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली नसून नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत येतात. जो गाड्या चालवतो त्याने स्वतःच्या अपघाताचा निवाडा करू नये, या विचाराने ही तपासणी यंत्रणा १९४१ मध्येच रेल्वे बोर्डापासून वेगळी काढण्यात आली. आयुक्तांच्या चौकशीची सूचना वर्तमानपत्रांत येते आणि ज्याला काही माहिती आहे अशा कोणाही नागरिकाला साक्ष देता येते. मग तो लोको पायलट असो, गँगमन असो की फलाटावरचा विक्रेता. या व्यवस्थेतही उणिवा आहेत. तिचे अहवाल सामान्य माणसाला सहज वाचायला मिळत नाहीत आणि तिच्या शिफारशींवर दरवेळी अंमल होतोच असे नाही. तरीही अपघात झालेल्या विभागाबाहेरचा माणूस चौकशीला बसतो, हे तत्त्व आपल्या देशाने स्वातंत्र्यापूर्वीपासून मान्य केलेले आहे. ते प्रयोगशाळांना लागू करण्यासाठी नवा सिद्धान्त मांडावा लागत नाही.

स्वतंत्र चौकशी अपघातग्रस्त विद्यापीठापलीकडे किती उपयोगी पडते, हे टेक्सास टेक विद्यापीठाच्या घटनेवरून समजते. ७ जानेवारी २०१० रोजी तेथे निकेल हायड्रॅझिन पर्क्लोरेट या स्फोटक संयुगाचा स्फोट होऊन एका विद्यार्थ्याच्या हाताची तीन बोटे गेली. एका वेळी १०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त पदार्थ बनवू नये अशी मर्यादा तोंडी सांगितलेली होती. विद्यार्थ्यांनी सुमारे १० ग्रॅम बनवला होता. विद्यापीठाच्या समितीला ‘विद्यार्थ्यांनी सूचना मोडली’ एवढे लिहून फाइल बंद करता आली असती. अमेरिकेच्या केमिकल सेफ्टी बोर्डाने मात्र विचारले की शंभरपट प्रमाण वाढवताना कोणाची परवानगी लागत होती का, ही मर्यादा कुठे लिहिलेली होती का आणि याच विभागात आधी घडलेल्या किरकोळ घटना कोणी नोंदवल्या होत्या का. त्यांना आढळले की प्रयोगशाळांसाठीचे सरकारी नियम मुख्यतः विषारी द्रव्यांपासून आरोग्याला होणाऱ्या अपायाचा विचार करतात. स्फोट आणि आग यांसारख्या भौतिक धोक्यांकडे त्यांचे पुरेसे लक्ष नाही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला हा अहवाल विद्यापीठाच्या प्रयोगशाळेसंबंधीचा त्या मंडळाचा पहिलाच अहवाल होता, आणि या मंडळाला दंड करण्याचा किंवा खटला भरण्याचा अधिकार नाही, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. कारण शोधणे हे त्याचे काम आहे. शिक्षा देणे हे न्यायालयाचे. विमान अपघातांच्या चौकशीतही हाच भेद पाळला जातो, आणि तो पाळल्यामुळेच माणसे मोकळेपणाने बोलू शकतात.

या सूचनेला येणाऱ्या हरकतींपैकी दोन गंभीर आहेत. पहिली अशी की आधीच निधी, माणसे आणि वेळ यांच्या टंचाईत चालणाऱ्या ग्रामीण भागातील महाविद्यालयांवर आणखी एका यंत्रणेचे ओझे पडेल, आणि घाबरलेले प्राचार्य विद्यार्थ्यांना प्रयोगच करू देणार नाहीत. ही भीती खोटी नाही. धोका नको म्हणून शिक्षकाने टेबलावर प्रयोग करून दाखवायचा आणि विद्यार्थ्यांनी जर्नलमध्ये निरीक्षणे उतरवून घ्यायची, हा प्रकार वाढला तर खानदेशातली मुले रसायनशास्त्र केवळ कागदावर शिकतील आणि त्याची किंमत नोकरीच्या पहिल्याच दिवशी मोजतील. परंतु मी जी चौकशी मागतो आहे ती रोजची तपासणी नव्हे. मृत्यू, गंभीर इजा किंवा स्फोट झाला तरच ती सुरू व्हावी, आणि बाहेरच्या सदस्यांचा खर्च राज्य शासनाने उचलावा. महाविद्यालयावर पडणारे नवे काम एवढेच, की किरकोळ घटनांची एक नोंदवही ठेवावी, तिच्यात कोणीही लिहावे, लिहिणाऱ्याचे नाव सक्तीचे नसावे आणि ती वर्षातून एकदा विद्यापीठाकडे पाठवावी.

दुसरी हरकत कायद्याच्या जाणकारांकडून येते: अहवाल जाहीर झाला तर फौजदारी खटल्यावर परिणाम होईल आणि प्राध्यापक वकिलाच्या सल्ल्यावाचून तोंड उघडणार नाहीत. यावर उपाय आहे, पण तो नियमात स्पष्ट लिहावा लागेल. चौकशीत दिलेले निवेदन निवेदन देणाऱ्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येणार नाही, अशी हमी दिली पाहिजे. पोलिसांनी आपला तपास स्वतंत्रपणे करावा. मृताच्या आईवडिलांना ही सवलत अन्यायाची वाटू शकते आणि त्यांचा राग मला समजतो. मात्र दोषी ठरवणे आणि कारण शोधणे ही दोन्ही कामे एकाच समितीकडे दिली की बहुतेक वेळा दोन्ही अर्धवट राहतात.

महाराष्ट्रात याची सुरुवात करणे अशक्य नाही. राज्याच्या उच्च व तंत्रशिक्षण विभागाने एक स्थायी चौकशी मंडळ नेमावे. त्यात औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचा अधिकारी, स्फोटक व वायूंचा जाणकार, ज्या विद्यापीठात घटना घडली त्याव्यतिरिक्त दुसऱ्या विद्यापीठाचा रसायनशास्त्रज्ञ आणि एक संशोधक विद्यार्थी असावा. विद्यार्थ्याचे नाव ऐकून काहींच्या भुवया उंचावतील, पण रात्री आठनंतर प्रयोगशाळेत खरोखर काय चालते, कोणती खिडकी कधीच उघडत नाही आणि कोणत्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह पान्याने ठोकल्याशिवाय फिरत नाही, हे त्याच्याइतके कोणालाच माहीत नसते. घटना घडताच खोली जशी आहे तशी बंद व्हावी. जिल्हाधिकाऱ्यांना आणि मंडळाला त्याच दिवशी कळवणे विद्यापीठावर बंधनकारक असावे, कारण झाडलोट, रंगकाम आणि ‘विद्यार्थ्यांचे शैक्षणिक नुकसान टाळण्यासाठी’ केलेली घाईची दुरुस्ती यांत पुरावा सर्वांत लवकर नाहीसा होतो.

अहवालाची मुदत सहा महिन्यांची असावी आणि तो इंग्रजीबरोबर मराठीतही निघावा. मराठीचा हा आग्रह अभिमानापोटी नाही. सिलिंडर गाडीवरून उतरवून साखळीने भिंतीला बांधणारा, रिकामा सिलिंडर परत पाठवण्यापूर्वी रेग्युलेटर काढणारा, गॅसच्या नळीला चिरा पडल्या आहेत का हे सकाळी पाहणारा माणूस प्रयोगशाळा परिचर असतो. ज्वालाग्राही वायूच्या सिलिंडरचे आटे उलट्या दिशेचे का असतात, ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला तेलाचा हात का लावायचा नाही, एलपीजी जमिनीलगत साचतो आणि हायड्रोजन छताशी जातो म्हणून गळती ओळखणारे यंत्र दोहोंसाठी वेगवेगळ्या उंचीवर का लागते, हे त्याला बहुधा कोणी बसवून सांगितलेले नसते. सूचना इंग्रजीत छापून भिंतीवर चिकटवल्या जातात आणि तपासणीपूर्वी त्यांची धूळ पुसली जाते. चौकशी अहवाल या परिचराच्या हाती त्याच्या भाषेत पडला पाहिजे, त्याच्या वाचनासाठी कामाच्या वेळेतून एक दुपार राखून ठेवली पाहिजे आणि तो वाचल्यावर आपल्या प्रयोगशाळेत काय बदलायला हवे याबद्दल त्याने मांडलेले म्हणणे विभागाच्या बैठकीच्या इतिवृत्तात त्याच्या नावाने नोंदवले गेले पाहिजे.